पाचशेचं चलान: भरायचं की भांडायचं?



आज खरं तर तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीवर लिहायचं होतं. पण या आठवड्यात फवारणीपेक्षा जास्त फोन एका मेसेजबद्दल आले. गाडीवर ई-चलान बाकी आहे, लोक अदालतीत येऊन तडजोड करा, अशा अर्थाचा तो मेसेज. कोणी म्हणतो अर्धे पैसे माफ होतात, कोणी म्हणतो गेलं नाही तर लगेच वॉरंट निघतं. एका भाऊंनी तर विचारलं, "हे भरलं नाही तं पीक कर्ज अडते काय?"

नाही अडत बाप्पा. चलानाचा अन् सातबाऱ्याचा काही संबंध नाही.

पण एवढं सांगून भागत नाही, म्हणून जरा लांब लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो. चलान बरोबर असेल तर लोक अदालतीच्या सवलतीची वाट न पाहता भरून मोकळे व्हा. चलान चुकीचं असेल तर लोक अदालतीत जाऊन तडजोड करू नका. आपल्याकडं नेमकं उलटं होऊन राहिलं. बरोबर चलान लोक दोन-दोन वर्षं दाबून ठेवतात, आणि चुकीचं चलान आलं की "कोण भांडत बसते" म्हणून भरून टाकतात.

पूर्वी शिपायानं अडवलं की समोरासमोर बोलणं व्हायचं. पावती फाटायची किंवा नाही फाटायची, पण काय झालं ते तिथंच कळायचं. आता उमरेडवरून दिघोरी नाक्यापर्यंत जाऊन या, कोणी हात दाखवणार नाही, आणि चार दिवसांनी मोबाइल वाजेल. कॅमेऱ्यात नाही तर पोलिसाच्या मशीनमध्ये फोटो, फोटोतून नंबर, नंबरावरून मालक. गाडी कोण चालवत होतं हे मशीनला माहीत नाही, ते मालकाला धरतं. आणि मालकाचा नोंदवलेला मोबाइल नंबर दहा वर्षांपूर्वीचा, ते सिम कधीच बंद पडलेलं. म्हणून मेसेजच येत नाही. चलान साचत जातं आणि गाडी विकायच्या दिवशी सगळं एकदम समोर येतं. ज्यांनी नंबर बदलला त्यांनी परिवहनच्या संकेतस्थळावर तो आधी बदलून घ्या. पेरणीआधी बियाण्याची उगवण तपासतो ना, तितकंच साधं काम आहे.

आता दराचं. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. आपल्या राज्यानं वाढीव दर लगेच लावले नाहीत, ते डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. हेल्मेट नसलं तर ५००, विमा नसलेल्या गाडीला २,०००, लायसन्स नसताना चालवली तर ५,०००. कापसाच्या भावात मोजून पाहा म्हणजे कळेल की शेवटचा आकडा किती लागतो. कागद जवळ नसणं वेगळं आणि कागद नसणंच वेगळं, हेही समजून घ्या. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद कायद्यानं चालतात, २०१८ पासून नियमातच तसं आहे. मोबाइलच्या गॅलरीतला आरसीचा फोटो मात्र चालत नाही. गावोगावी फिरणाऱ्या कृषी सहायकांनी आणि औषध कंपन्यांच्या पोरांनी हे एकदा नीट लावून घ्यावं, त्यांचा अर्धा दिवस रस्त्यावरच जातो.

बरोबर चलानाबद्दल बोलतो, कारण इथं मला आपल्याच लोकांचा राग येतो.

ट्रॉलीमागं दिवा नाही, रेडियम नाही, कापसाच्या गाठोड्यांनी नाही तर कुटाराच्या ढिगानं मागचं सगळं झाकलेलं, आणि रात्री आठ वाजता नागपूर–उमरेड–भिवापूर रस्त्यावर ट्रॅक्टर पंधराच्या वेगानं चालला आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं असलं की मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक लावायला जागा उरत नाही. अशा ट्रॉलीवर चलान झालं की आपले लोक म्हणतात, "शेतीचं वाहन आहे, त्याले कायचं चलान?" शेतीच्या ट्रॅक्टरला काही बाबतींत सवलती आहेत, हे खरं. दिव्यात आणि रिफ्लेक्टरमध्ये नाही. ट्रेलर असो की ट्रक, मागं दोन्ही बाजूंना लाल रिफ्लेक्टर पाहिजेच, नियमात स्पष्ट आहे. आणि सवलत शेतीकामासाठी आहे. त्याच ट्रॉलीत भाड्यानं रेती-गिट्टी वाहिली की ती शेतीची राहत नाही.

असलं चलान आलं तर भरा, आणि परत येताना रेडियमची पट्टी घेऊनच घरी या. लोक अदालतीत दोनशे कमी झाले का हा विचार करायची ती जागा नाही. मागच्या दुचाकीवर कोण आहे हे आपल्याला माहीत नसतं. ते आपल्याच गावचं पोरगं असू शकतं, नागपूरवरून कामावरून परत येणारं.

दुसरं, लेकराच्या हातात ट्रॅक्टर. वावरात चालवतो म्हणून कौतुक होतं, मग तोच पोरगा बाजार समितीत माल घेऊन जातो. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. हे तडजोडीत मिटणाऱ्या गुन्ह्यांत बसत नाही. दारू पिऊन चालवणं, कलम १८५, तेही बसत नाही. ही दोन्ही प्रकरणं न्यायाधीशांसमोरच जातात. कोणी "लोक अदालतीत सेट करून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर तो तुम्हाला फसवून राहिला.

आता चुकीचं चलान.

माझ्या मोटरसायकलवर मागं एका मोठ्या शहरातलं चलान आलं होतं, विनाहेल्मेटचं. शहराचं नाव लिहीत नाही, मुद्दा तो नाही. त्या तारखेला मी वावरात डवरणी करून राहिलो होतो आणि गाडी धुऱ्यावरच्या बाभळीखाली होती. चलान उघडलं तर फोटोत स्कूटर. पाटीवर चिखल उडालेला, त्यामुळं एक आकडा दुसऱ्यासारखा दिसत होता. घरचे म्हणाले, "भरून टाक, पाचशेसाठी कायले डोक्शाले ताप?" मी नाही भरलं. महाट्रॅफिकच्या अॅपवर तक्रारीची सोय आहे, तिथं आरसी जोडली आणि माझ्या गाडीचे पुढून, मागून, बाजूनं असे फोटो टाकले. पहिल्या तक्रारीचं काही उत्तर आलं नाही. दुसऱ्या वेळी मी गोष्ट न सांगता दोनच ओळी लिहिल्या: फोटोतलं वाहन स्कूटर आहे, माझं वाहन मोटरसायकल आहे, फोटोतला रंग पांढरा, आरसीवरचा रंग काळा. काही आठवड्यांनी चलान रद्द झालेलं दिसलं. पैसे लागले नाहीत, कुठं जावं लागलं नाही.

"मी त्या दिवशी शेतात होतो" हे शंभर टक्के खरं असलं तरी समोरच्याला ते तपासता येत नाही. फोटो आणि आरसी यांतला फरक त्याला दोन मिनिटांत दिसतो. तक्रार लिहिताना एवढं ध्यानात ठेवा.

नियम आपल्या बाजूनं बरेच आहेत, पण ते कोणी सांगत नाही. कॅमेऱ्यावरून होणाऱ्या चलानासाठी २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम आला. कॅमेऱ्याला मान्यतेचं प्रमाणपत्र पाहिजे, तिथं कॅमेरा आहे असा फलक पाहिजे, आणि गुन्हा झाल्यापासून १५ दिवसांत नोटीस पाठवली पाहिजे. चलानाचा निकाल लागेपर्यंत तो पुरावा जपून ठेवला पाहिजे, हेही त्यातच आहे. मशीनऐवजी पोलिसानं स्वतःच्या मोबाइलमध्ये फोटो काढून नंतर निवांत चलान टाकायचं, या प्रकाराला राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या मुख्यालयानंच जुलै २०२५ मध्ये परिपत्रक काढून मनाई केली. म्हणजे तारीख, वेळ, जागा, फोटो या चार गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे भरणं म्हणजे पावती न पाहता खताचं पोतं उचलण्यासारखं आहे.

तक्रार फेटाळली तर? तर कोर्ट. आणि इथं आपला माणूस थबकतो. त्याचं थबकणं मला समजतं.

आपण कीड व्यवस्थापनात आर्थिक नुकसानीची पातळी पाहतो. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री गुलाबी बोंडअळीचे आठ-आठ पतंग सापडले की फवारणी परवडते, त्याआधी पंप उचलला तर औषधाचा खर्च नुकसानीपेक्षा जास्त होतो. चलानाचंही तसंच. उमरेडवरून नागपूरच्या कोर्टात जायचं म्हणजे पन्नासेक किलोमीटर, येण्या-जाण्याचं भाडं, दिवसाचं काम बुडालं, आणि एका तारखेत होईलच याची खात्री नाही. वेचणीला मजूर लागले असतील आणि वजन करायला मालक नसेल तर नुकसान वेगळंच. पाचशेसाठी दोन हजाराचा दिवस कोण घालवेल? हिशोब बरोबर आहे, भरून टाकणाऱ्याला मी नाव ठेवत नाही.

फक्त त्या हिशोबात एक खर्च धरलेला नसतो. कलम २०० मध्ये २०१९ पासून लिहिलेलं आहे की तडजोडीची रक्कम भरून मिटवलेला गुन्हासुद्धा पुढच्या वेळी आधीचा गुन्हा म्हणून धरला जातो. म्हणजे आज न केलेल्या चुकीचे ५०० भरले तर तुमच्या नावावर एक 'पहिला गुन्हा' लागला. किरकोळ उल्लंघनाच्या कलम १७७ मध्ये पहिल्या वेळी ५००, दुसऱ्या वेळी १,५००. हेल्मेटच्या कलमात तर दंडासोबत लायसन्स तीन महिने अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. ज्याचं पोट लायसन्सवर आहे, म्हणजे हार्वेस्टरवाला, माल नागपूरला नेणारा पिकअपवाला, त्याच्यासाठी पातळी पाचशेच्या बरीच खाली येते. त्यानं भांडायलाच पाहिजे.

लायसन्सचा विषय निघाला म्हणून सांगतो. ट्रॅक्टर किंवा छोटी मालगाडी चालवणाऱ्यावर "तुझं लायसन्स या गाडीचं नाही" म्हणून पावती होते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिला की हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोच्या आतलं मालवाहू वाहनही चालवू शकतो, त्याला वेगळी नोंद लागत नाही. असं चलान झालं असेल तर मुकाट्यानं भरू नका.

आता लोक अदालत म्हणजे नेमकं काय, कारण सगळा गोंधळ तिथं आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यावर ती उभी आहे. तिथं कोर्ट फी लागत नाही, वकील लागत नाही, पॅनेलवर न्यायाधीश असतात. तडजोड झाली की तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा धरला जातो आणि त्यावर अपील नाही. ही शेवटची गोष्ट नीट वाचा. अपील नाही. लोक अदालत तुम्ही दोषी की निर्दोष हे ठरवत नाही, ते तिचं कामच नाही. ती फक्त दोन्ही बाजू राजी असतील तर मिटवून देते. तुम्ही तिथं जाऊन "साहेब, ही गाडी माझी नाही" म्हणालात तर ते खरं-खोटं करायला बसत नाहीत. आणि तुम्ही "बरं, अर्धे भरतो" म्हणालात तर न केलेला गुन्हा मिटला, पण नोंद राहिली.

बरं, अर्धे होतीलच असंही नाही. कमी करायचं की नाही, किती करायचं, हे तिथं ठरतं. व्हॉट्सअॅपवर फिरणारे "सरसकट पन्नास टक्के माफ"वाले संदेश कोण बनवतो देव जाणे. सूट हा हक्क नाही. सूट मिळेल म्हणून बरोबर चलान सहा-आठ महिने दाबून ठेवायचं, तोवर त्याच सिग्नलवर अजून तीन व्हायचे, यात कोणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

ज्याच्यावर पाच-सात जुनी चलानं साचली आहेत, सगळी त्याचीच आहेत आणि एकदम भरायला पैसे नाहीत, त्यानं मात्र लोक अदालतीत जरूर जावं. ती त्याच्यासाठीच आहे. राष्ट्रीय लोक अदालत वर्षातून साधारण चारदा भरते, मार्च, मे, सप्टेंबर, डिसेंबरच्या आसपास, राज्यात तारीख थोडी पुढंमागं होते. सप्टेंबरमध्ये आपलं सोयाबीन शेंगा भरण्यावर, डिसेंबरमध्ये कापूस घरी येऊन राहिलेला. मे महिन्यातली अदालत आपल्या सोयीची, फक्त दुपट्टा बांधून सकाळीच निघा.

आणि लोक अदालतीला गेलं नाही म्हणून वॉरंट निघत नाही. तो मेसेज निमंत्रण आहे, समन्स नाही. तिथं मिटलं नाही तर पोलिस प्रकरण कोर्टात दाखल करू शकतात. मग कोर्टाचं समन्स येतं, आणि ते टाळलं तर पुढं वॉरंट निघू शकतं. समन्स आणि मेसेज यांतला फरक ओळखा. कोर्टाचं नाव आणि हजर व्हायची तारीख असलेला कागद आला तर तो गंजीखाली ठेवायचा नाही.

कोणत्या कोर्टात जायचं? गुन्हा जिथं दाखवला तिथल्या. उमरेड तालुक्यातलं प्रकरण असेल तर आपल्या उमरेडच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, नागपूर शहरातलं असेल तर नागपुरात. आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी आणि चलानाची प्रिंट घेऊन सकाळी पोचायचं. पुकारा झाला की आत जायचं, गुन्हा कबूल आहे का विचारतात. कबूल म्हटलं की दंड सुनावतात, तो नाझरकडं भरून पावती घ्यायची, संपलं. कबूल नाही म्हटलं तर तसं नोंदवतात आणि पुढची तारीख पडते, मग पुरावा आणायची जबाबदारी समोरच्या बाजूची. घाबरून "हो साहेब" म्हणू नका. कबूल नाही म्हणणं म्हणजे साहेबांचा अपमान नाही, तो तुमचा हक्क आहे. बाया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, आणि ठरलेल्या मर्यादेच्या आत उत्पन्न असलेले, यांना तालुका विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो. १५१०० या नंबरवर विचारता येतं.

वकिलाला एक प्रश्न नक्की विचारा. ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे, त्याची दखल घ्यायला कोर्टाला सहा महिन्यांची मुदत आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१४. तीन वर्षांपूर्वीचं चलान आता कोर्टात आलं असेल तर हा मुद्दा उचलता येतो. उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, म्हणून त्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. पण न विचारता भरूही नका.

आता जे मला सगळ्यात जास्त खुपतं ते.

३१ ऑक्टोबर २०२० ला तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे, आपल्या नागपूरचेच, यांच्या हस्ते नागपुरात 'न्याय कौशल' हे ई-रिसोर्स सेंटर सुरू झालं, आणि त्याच दिवशी वाहतूक चलानांसाठीचं राज्यातलं पहिलं आभासी न्यायालय आपल्या नागपूर जिल्ह्यात सुरू झालं. कल्पना चांगली. चलान संगणकावरून न्यायाधीशांकडं जातं, ते दंड ठरवतात, मेसेज येतो, घरबसल्या भरलं की प्रकरण बंद. दंड भरणाऱ्यासाठी कोर्ट खिशात आलं. पण "मला हे मान्य नाही" असं बटण दाबलं की प्रकरण त्या-त्या भागातल्या नेहमीच्या कोर्टात जातं, आणि मग परत एसटी, परत तारीख, परत पुकारा.

म्हणजे कबूल करणाऱ्याला मोबाइल आणि नाकबूल करणाऱ्याला पन्नास किलोमीटर. रचना करणाऱ्यांच्या मनात वाईट नसेल, पण परिणाम एकच होतो, गरीब माणूस कबूल करतो. नागपुरातल्या माणसासाठी कोर्ट ऑटोच्या अंतरावर आहे. भिवापूर, कुही, उमरेडच्या माणसासाठी तो पूर्ण दिवस आहे. गुन्हा तोच, दंड तोच, भांडायची किंमत मात्र गावावर अवलंबून.

आणि हे बदलायला नवा कायदाही नको. नव्या सुरक्षा संहितेच्या कलम ५३० मध्ये सुनावण्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं घेता येतील असं लिहिलेलंच आहे. आपल्या तालुक्याच्या कोर्टात किंवा ई-सेवा केंद्रात बसून नागपूरच्या चलानाला 'नाकबूल' म्हणता आलं पाहिजे, फोटो आणि आरसी तिथूनच दाखवता आली पाहिजे. पाचशेच्या प्रकरणात याहून जास्त पुरावा असतो तरी काय? शेतकरी संघटना हमीभावावर निवेदनं देतात, ते द्यायलाच पाहिजे. त्यासोबत एक पान या मागणीचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं दिलं तर काय बिघडतं? मी मसुदा लिहून द्यायला तयार आहे.

जुनी गाडी विकणाऱ्यांसाठी दोन ओळी. आपल्याकडं गाडी विकली की नमुना २९ आणि ३० वर सही करून द्यायची आणि विसरून जायचं. घेणारा ती नावावर करत नाही, पुढं तिसऱ्याला विकतो, आणि चलान तुमच्या नावानं येत राहतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याच्या दृष्टीनं मालक तो. ते प्रकरण अपघाताच्या भरपाईचं होतं. तेव्हा पाचशेचं चलान सोडा, त्या गाडीनं उद्या माणूस उडवला तर काय, याचा विचार करा आणि ट्रान्सफर झाल्याची खात्री केल्याशिवाय राहू नका.

रस्त्यात हातावर शंभराची नोट ठेवून सुटणाऱ्यांसाठी: फोटो आधीच निघालेला असेल तर चलान जागेवरच राहतं, नोट गेली ती गेली. पावती नाही तर भरलं नाही.

आणि "आरटीओ चलान" नावाची एपीके फाइल व्हॉट्सअॅपवर आली तर तिला हात लावू नका, पोराला पण लावू देऊ नका. सरकार चलान फाइलीतून पाठवत नाही. ती उघडली की मोबाइल दुसऱ्याच्या ताब्यात जातो आणि खात्यातले पैसे उडतात. चलान पाहायचं तर स्वतः महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन टाकून पाहा, गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. शेवटी जीओव्ही डॉट इन नसेल तर ते सरकारी नाही.

तुमच्यापैकी कोणाचं चुकीचं चलान तक्रार करून रद्द झालं असेल तर किती दिवस लागले, कोणते फोटो जोडले, आणि पहिल्यांदा फेटाळलं असेल तर काय कारण दिलं, एवढं मला कळवा. आठ-दहा अनुभव जमले तर मागणीच्या पानाला जोडता येतील. गाडीचा नंबर, चलान नंबर पाठवू नका.